मधला डबा

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या पोटातून निघालेलं चित्र टीव्हीपर्यंत कसं पोहोचतं, हे एकदा समजून घेतलं की हसू येतं. यूएलए नावाची चिप चित्राचा उजेड आणि रंगाचे दोन घटक वेगवेगळे बाहेर काढते. शेजारची एलएम १८८९ ही चिप आणि तिच्या सोबतचं सर्किट त्या तिघांना एकत्र करून सरळ व्हिडिओ सिग्नल बनवतात. इथे खरं तर काम संपलं. एक तार बाहेर काढून पडद्याला जोडली की भागलं असतं. पण तो सिग्नल एका पत्र्याच्या डब्यात शिरतो, यूएचएफच्या चॅनेल ३६ च्या लहरीवर चढतो, केबलमधून टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जातो आणि टीव्ही त्याला पहिल्यांदा त्या लहरीवरून खाली उतरवतो. दादरहून माटुंग्याला जायचं आणि वाटेत पनवेल गाठायचं, त्यातला प्रकार. या फेरीत चित्राच्या कडा झिजतात, रंग पसरतात आणि वर थोड्या मुंग्या येऊन बसतात.

यात मूर्खपणा कुणाचाच नव्हता. सिंक्लेअर कंपनीने २३ एप्रिल १९८२ ला स्पेक्ट्रम बाजारात आणला. १६के मेमरीचा १२५ पौंडांना, ४८केचा १७५ ला. एवढ्या पैशांत वेगळा मॉनिटर कोण घेणार? घरातल्या टीव्हीवरच तो चालायला हवा होता आणि त्या टीव्हीला अँटेनाखेरीज दुसरं दारच नव्हतं. म्हणून घरोघरीच्या कॉम्प्युटरमध्ये एकेक छोटं प्रक्षेपण केंद्र बसवलं गेलं. त्याला मॉड्युलेटर म्हणतात. माझं बरंचसं काम या मधल्या डब्याला रजा देण्याचं.

मी स्कॉटलंडमध्ये डंडीला राहतो. पोट भरतं ते दुसऱ्या नोकरीवर, आणि शनिवार-रविवार जुन्या यंत्रांचे. टीव्ही दुरुस्तीचं शिक्षण मात्र सांगलीतलं, त्यामुळे आजही तोंडात कपॅसिटर येत नाही, कंडेन्सरच येतो. डंडी या छंदाला फार सोयीची. स्पेक्ट्रम इथेच बनायचे, टायमेक्सच्या कारखान्यात. घड्याळं बनवणारी ही कंपनी. कामगारांत बायकाच जास्त. १९९३ मध्ये मोठ्या संपानंतर कारखाना बंद पडला. पण गावात अजून असं घर सापडतं जिथे कुणाची तरी आई, मावशी तिथे कामाला होती, आणि माळ्यावर एक स्पेक्ट्रम हमखास निघतो. यंत्र माळ्यावरून उतरवायचं आणि 'बघा जमतंय का' म्हणून माझ्याकडे आणून टाकायचं, अशी आता पद्धतच पडली आहे.

आणणाऱ्याला मी आधी एकच विनंती करतो: घरातला कुठलाही अडॅप्टर लावून बघू नका. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट लागतात, पण पिनेच्या मधोमध निगेटिव्ह. आजचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात.

खालचे पाच स्क्रू काढले की वरचं झाकण सुटतं, पण ते झटक्यात उचलायचं नाही. कीबोर्डच्या दोन चपट्या प्लॅस्टिकच्या शेपट्या बोर्डावरच्या खाचांत अडकलेल्या असतात. चाळीस वर्षांत त्या वाळक्या पानासारख्या होतात. झाकण बोटभर तिरकं करायचं, शेपट्या सरळ वर ओढायच्या, मगच बाकीचं.

चित्राला हात लावायच्या आधी मीटर. बोर्डावर एक छोटी कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर मिळून नऊ व्होल्टांतून बारा आणि उणे पाच तयार करतात. पहिल्या सोळा केबीच्या ४११६ मेमरी चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: एक नंबरच्या पायावर उणे पाच, आठवर बारा, नऊवर पाच. उणे पाच गेलं की या चिपा एकेक करत मरतात. आणि बारा व्होल्ट डळमळीत असेल तर एलएम १८८९ चे रंग थरथरतात, मग लोक दोष देतात मॉड्युलेटरला. जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले की निम्मी तक्रार तिथेच मिटते. हौशी माणसांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. त्यांना थेट डबा उघडायचा असतो.

तर, डबा. वरचं पत्र्याचं झाकण नखाने निघतं. बाजूने दोन तारा आत येतात: एक पाच व्होल्टची, दुसरी व्हिडिओची. मी दोन्ही सोडवतो. पाच व्होल्टची यासाठी की मॉड्युलेटर चालू राहिला तर शेजारी बसून कुरकुरत राहतो आणि ती कुरकुर चित्रात उतरते. आत बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या खिळ्याला एक रेझिस्टन्स लागलेला असतो, त्याचा पाय सोल्डर-विकच्या पट्टीने सोल्डर ओढून मोकळा करायचा. मग शंभर मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर: पॉझिटिव्ह पाय व्हिडिओच्या तारेला, निगेटिव्ह सॉकेटच्या खिळ्याला. झालं. काही जण तार नुसतीच जोडतात. बऱ्याच टीव्हींवर तेही चालतं, पण सिग्नलबरोबर आलेला स्थिर व्होल्टेज प्रत्येक पडदा मुकाट गिळेलच असं नाही. कंडेन्सर तो अडवून धरतो. सॉकेट तेच, भोक तेच. डब्याला ड्रिल लावायची वेळ येत नाही.

फरक बघायचा तर खेळ लावू नये, टासवर्ड टू लावावा. हा त्या काळचा लिहिण्याचा प्रोग्रॅम एका ओळीत चौसष्ट अक्षरं बसवायचा. स्पेक्ट्रमच्या पडद्याची रुंदी २५६ ठिपके, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला चार, त्यातला एक मोकळ्या जागेत जातो. अँटेनाच्या वाटेने आलेला असा मजकूर अंदाजाने वाचावा लागतो. नवी तार जोडल्यावर तो खरोखर वाचता येतो.

इथवर सगळे खूश असतात. पुढे तक्रारी सुरू होतात, कारण चित्र स्वच्छ झालं की यंत्राचे स्वतःचे दोष उघडे पडतात. पांढऱ्या पडद्यावर उभ्या फिकट पट्ट्या दिसतात. लाल आणि निळ्याच्या सीमेवर बारीक ठिपके मुंगळ्यांसारखे चढत राहतात. याचं कारण बोर्डावरचे दोन क्रिस्टल. एक चौदा मेगाहर्ट्झचा, ज्याच्यावरून सगळं यंत्र चालतं आणि ठिपके सात मेगाहर्ट्झने बाहेर पडतात, दुसरा ४.४३ मेगाहर्ट्झचा, फक्त रंगासाठी. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, जो तो आपल्या चालीने चालतो, म्हणून रंगाची कड कधी जागेवर स्थिर राहत नाही. एकाआड एक काळा-पांढरा ठिपका असलेली नक्षी असेल तर तिची गती साडेतीन मेगाहर्ट्झ होते, रंगाच्या ४.४३ च्या इतकी जवळ की टीव्ही तिलाच रंग समजतो आणि राखाडी जागी इंद्रधनुष्य लहरायला लागतं. सुरुवातीच्या बोर्डांवरचे दोन छोटे पॉट फिरवून पांढऱ्यातली गुलाबी झाक घालवता येते, पण हे लहरणं त्याने जात नाही.

ते घालवायचंच तर यूएलएकडून येणारे तिन्ही घटक एलएम १८८९ च्या आधीच उचलायचे आणि वेगळ्या सर्किटातून कंपोनंट किंवा आरजीबी करून बाहेर काढायचे. मी ते करून दिलेलं आहे. चित्र छापील कागदासारखं येतं. आणि मला ते आवडत नाही, असं म्हणालो तर गिऱ्हाईक बावचळतं.

आवडीनिवडीचा भाग आहेच, पण एक कारण अ‍ॅपल टू हे यंत्र देतं. ते १९७७ चं, अमेरिकेतलं. तिथे स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी ठिपक्यांची गती अमेरिकन टीव्हीच्या रंगलहरीच्या बरोबर दुप्पट ठेवली: ३.५८ ला ७.१६. त्यामुळे एकाआड एक ठिपका दिला की टीव्ही त्यालाच जांभळा किंवा हिरवा रंग समजतो, आणि तो लहरत नाही, ठाम उभा राहतो. स्पेक्ट्रमवर जो उपद्रव आहे तोच तिथे रंगपेटी आहे. हायरेझचा, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या चित्राचा, रंग मेमरीत वेगळा साठवलेलाच नसतो. तो ठिपक्यांच्या जागेतून टीव्हीत जन्मतो. अशा यंत्रातून काटेकोर, निर्मळ ठिपके बाहेर काढले तर हाती काळ्या-पांढऱ्या रेघा उरतात. सुधारणा करणाऱ्याने चित्रच पुसलं. म्हणून यंत्राने चित्र कुठे पूर्ण केलं हे आधी शोधायचं. स्पेक्ट्रमचं एलएम १८८९ च्या पायाशी पूर्ण होतं, त्यापुढचा डबा नाइलाज होता. अ‍ॅपलचं टीव्हीच्या आत होतं.

टीव्हीच्या रंगाचं निघालंच आहे तर, आपल्याकडे १९८२ साली टीव्हीला रंग आला, त्याच वर्षी इकडे स्पेक्ट्रम आला. पुढे १९८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीने भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काढला. सांगलीत मला तो कधी दिसला नव्हता. पहिला बघितला तो इथेच, एका मराठी डॉक्टरांनी भावाच्या घरून आणलेला. आतलं सगळं ओळखीचं. बोर्डावर हात फिरवताना मी नकळत मराठीत बडबडत होतो, एवढाच फरक.

आमच्या रस्त्यावर एक वयस्कर बाई राहतात, टायमेक्समध्ये काम केलेल्या. एकदा त्यांना सुधारलेलं चित्र दाखवायला बोलावलं. चित्राकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बोर्ड उलटा करून घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्या सोल्डरवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा आमच्यातल्या कुणाचा नाही." मी मान्य केलं. टाका चांगला होता, पण त्यांच्यासारखा नव्हता.

आता ब्रिटनमध्ये अ‍ॅनालॉग प्रसारण २०१२ पासून बंद आहे आणि नव्या टीव्हीत चॅनेल ३६ शोधणारा ट्यूनर असेलच असं नाही, त्यामुळे डबा सोडवण्यावाचून बहुतेकांना गत्यंतर नसतं. तरी काढलेला रेझिस्टन्स असेल तर तो आणि कुठली तार कुठून सोडवली याचा छोटा कागद, असं सगळं एका झिप पिशवीत घालून मी केसच्या आत चिकटवतो. डबा जागेवरच ठेवतो. आरजीबी हवं म्हणणाऱ्याला आधी आठवडाभर साध्या व्हिडिओवर यंत्र वापरून बघायला सांगतो, जमलं तर जुन्या नळीच्या टीव्हीवर. निम्मे लोक परत येत नाहीत. उरलेल्यांचं काम मी करून देतो, पैसे जास्त घेतो.