हाफटायमचा सोडा

फुटबॉलच्या नियमांत हाफटायम जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचा. आमच्या गावात मात्र तो किती वेळ चालणार हे सोडेकाराच्या गाड्यापुढची गर्दी बघून ठरायचं. भातकापणी झालेलं शेत, दोन्ही टोकांना बांबूचे गोलपोस्ट, मेरेवर बसलेला अख्खा गाव, आणि चणेकाराच्या शेजारी सोडेकाराचा गाडा. गोटी आत ढकलली की फस्सकन आवाज यायचा. मग त्यात लिंबू, मीठ, थोडी साखर. रेफ्री स्वतःच त्या गर्दीत असायचा, त्यामुळे उशीर झाला तरी तक्रार कुणाकडे करणार?

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. खिशात पैसे एका ग्लासाचे आणि प्यायला आम्ही दोघं, मी आणि माझा मित्र. तो क्रिस्तांव, घर चर्चच्या मागे. माझं घर देवळाच्या वाटेवर. पहिला ग्लास आम्हाला त्याच्या पप्पांनी घेऊन दिला होता. त्यांना आम्ही सगळी मुलं अंकल म्हणायचो. ग्लास मित्राच्या हातात देत ते म्हणाले, "अर्धो तुका, अर्धो ताका." मित्राने अर्धा पिऊन ग्लास माझ्यापुढे धरला. मी क्षणभर थांबलो. का थांबलो ते त्याला कळलं नसावं, अंकलना बहुधा कळलं. ते मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. मी प्यायलो.

थांबलो ते आजीमुळे. आमच्या घरात कोरडं चालायचं, ओलं चालायचं नाही. नाताळात त्यांच्याकडून ताट आलं की आजी केळी ठेवून घ्यायची आणि दोदोल कामाला येणाऱ्या बायकांना वाटून टाकायची. चवथीला आमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जायच्या, तिथे त्या आनंदाने खाल्ल्या जायच्या. आजी दुष्ट नव्हती. अंकल आजारी पडले तेव्हा पेजेला तांदूळ तिनेच पाठवले होते. पण पाणी म्हटलं की तिची रेघ ठरलेली. आमच्या गोव्यात पाण्याचा आणि बाटण्याचा इतिहास जुना आहे, तो तिने ऐकीव गोष्टींतून अंगात मुरवून घेतला होता. तिच्या भाषेत 'बाटली' हे नाम नव्हतंच मुळी, ते क्रियापद होतं! मैदानावरून आलो की अंगणातच हातपाय धुवायचे, कपडे बाहेर टाकायचे, मग उंबरठा. तिने विचारलं, "काय प्यायलास?" मी म्हटलं, "सोडा, बाटलीतला." ते अर्धसत्य होतं. सोडा बाटलीतला होता, ग्लास दोघांचा होता. शिवाय तो ज्या बादलीत बुचकळला जायचा त्या बादलीत सगळा गाव होता, दोन्ही वाड्यांचा.

१८८३ मध्ये फादर विल्यम लायन्स शिवोलीला आले आणि त्यांनी गोव्यात फुटबॉल आणला असं सांगतात. २०१२ मध्ये सरकारने त्याला राज्यखेळाचा दर्जा दिला. मधल्या काळात या खेळाने गोव्याला काय दिलं याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. साळगावकर, धेंपो, चर्चिल, वास्को, सगळं बरोबर. माझ्या हिशेबाच्या वहीत मात्र पहिली नोंद त्या ग्लासाची आहे.

पुढे आम्ही नोकरीला लागलो, फातोर्ड्याला तिकीट काढून जाऊ लागलो. तिथे बाटली आत नेता येत नाही, पेय कागदी ग्लासात ओतून मिळतं. दोघांचे पगार सुरू होते, दोन ग्लास परवडत होते. तरी एकच घ्यायचा आणि अर्धा-अर्धा प्यायचा, ही सवय राहिली. ७ मार्च २०२० रोजी एफसी गोवा आणि चेन्नईयनच्या उपांत्य सामन्यालाही आम्ही होतो, अंकल सोबत होते. आपण ४-२ जिंकलो आणि दोन सामन्यांच्या बेरजेत ५-६ हरलो. पार्किंगपर्यंत कुणी बोललं नाही. आठवड्याने, १४ मार्चला, त्याच मैदानावर अंतिम सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. २०२०-२१ चा आयएसएलचा अख्खा हंगाम, ११५ सामने, गोव्यातच झाला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. आणि आम्ही गोंयकार तो टीव्हीवर बघत होतो! हाफटायमला फ्रीज उघडायचा, पाणी प्यायचं आणि पुन्हा सोफा. ऑफिसात तर माझ्या टेबलावरून रोज परिपत्रकं जायची. अंतर ठेवा, वस्तू सामायिक वापरू नका. आवक-जावक नोंदी करणारा माणूस मी, नियम मला पाठ झाले होते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये साथ जरा उतरल्यासारखी वाटली आणि गावात छोटी टूर्नामेंट झाली. मेरेवर चुन्याच्या खुणा, एका खुणेवर एक माणूस. सोडेकाराच्या गाड्यापुढे सुंभाची दोरी बांधलेली. म्हातारा मास्क लावून, वर प्लास्टिकची काच चढवून उभा. बादली गेली होती, कागदी ग्लास आले होते. नोटा एका डब्यात टाकायच्या, सुटे पैसे त्याच डब्यातून आपणच घ्यायचे. दोरीजवळ एका वेळी एकच जण, म्हणून हाफटायम पुन्हा लांबला. एवढी एकच गोष्ट जुन्यासारखी होती.

आम्ही दोन ग्लास घेतले. चार हात अंतरावर उभे राहिलो, मास्क हनुवटीवर. मित्राने अर्धा ग्लास संपवला आणि सवयीने हात माझ्याकडे केला. मग मध्येच थांबला, हसला, हात मागे घेतला. म्हणाला, "पप्पा घरांत आसा रे." मी म्हटलं, "जाणां."

त्या संध्याकाळी घरी आलो. बायकोने अंगणात बादली आणि साबण ठेवला होता. हातपाय धुतले, कपडे बाहेर टाकले, मग उंबरठा ओलांडला. आजी गेल्याला वीस वर्षं झाली होती, पण विधी तोच, क्रम तोच. मला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. आजीची रेघ समोरच्याला खालचा ठरवून ओढलेली होती. माझ्या मित्राने हात मागे घेतला तो घरातल्या म्हाताऱ्या बापासाठी. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसलं असतं. आतल्याला फरक कळतो, पण तो रोज स्वतःला समजावून सांगावा लागतो, नाहीतर सवय लागते. मला तिचीच भीती वाटत होती.

मे २०२१ मध्ये अंकल गेले. मातीला मी जाऊ शकलो नाही, घरी आम्ही तिघंही तापाने पडलो होतो. फोनवर मित्र रडला नाही. म्हणाला, "तूं येवंक नाका." अंकलना शेवटचा खांदाही देता आला नाही, हे शल्य आहे आणि राहील.

२० मार्च २०२२. दोन वर्षांनी फातोर्ड्याची दारं प्रेक्षकांना उघडली. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, अंतिम सामना. केरळहून आलेल्या लोकांनी मैदान पिवळंधमक करून टाकलं होतं. आम्ही दोघंच गेलो. हाफटायमला शून्य-शून्य. मित्र रांगेत गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. हातात एकच ग्लास.

"लायन व्हड आसली," तो म्हणाला, "एकूच मेळ्ळो."

बाकीचे लोक दोन-दोन, चार-चार ग्लास घेऊन येताना मला दिसत होते. मी काही बोललो नाही. त्याने अर्धा प्यायला आणि ग्लास पुढे केला. मी यावेळी थांबलो नाही. बर्फ विरघळून सोडा पांचट झाला होता.

पुढे केरळने गोल केला. ८८ व्या मिनिटाला साहिल तावोराने बरोबरी साधली, आणि पेनल्टीत लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवून हैदराबादला जिंकून दिलं. दोघेही आपले गोंयकार. आपला संघ मैदानात नव्हता, तरी आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो.

आता गावच्या टूर्नामेंटला सोडेकार येत नाही, त्याने गाडा विकला. मुलं सीलबंद बाटल्या घेतात, ज्याची त्याला. ती बादली परत यावी असं मी म्हणणार नाही, तिच्यातलं पाणी आठवलं की अजून अंगावर काटा येतो. पण परवा मेरेवर दोन पोरं एकच बाटली पीत होती. पहिल्याने अर्ध्यावर बोट ठेवून खूण केली आणि दुसऱ्याला दिली. दुसऱ्याने तोंड लावताना बाटली पुसलीसुद्धा नाही.

डॉक्टर मंडळींना ते आवडणार नाही. मी मात्र बघत राहिलो, आणि तेवढ्यात शिट्टी झाली.