बाहेर उभी असलेली पोरं

तीन वर्षं तो आजीला घेऊन यायचा आणि बाहेरच थांबायचा. मोटारसायकल कडुनिंबाखाली लावायची, आजीला हाताला धरून पायरीपर्यंत आणायचं आणि मागे फिरायचं. खिडकीतून तो मला दिसायचा, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी तळव्यांत धरून घोटत बसलेला. आजीच्या बीपीच्या गोळ्या, तिचे गुडघे, तिची झोप, सगळं मला पाठ होतं. नातवाचं नावसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं.

एक दिवस आजीऐवजी तोच आत आला. "म्याडम, तिखट खाववत नाही जी." तोंड उघड म्हटलं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. याचं एक बोट कसंबसं गेलं. गालाची आतली कातडी पांढरी पडून पट्ट्यासारखी ताठ झाली होती. वय २१. हा आजार धरला की पुरता मागे फिरत नाही. खर्रा सुटला तर आहे तिथे थांबण्याची आशा असते, नाही सुटला तर पुढे कॅन्सरचं भय. आणि हा मुलगा तीन वर्षं माझ्यापासून वीस पावलांवर बसलेला होता.

तरुण पेशंट दवाखान्यात यावेत म्हणून काय करता, असं नवे डॉक्टर विचारतात. मला वाटतं, ते बहुतेक वेळा आलेलेच असतात. कुणाला तरी सोडायला आलेले असतात, आणि आपण त्यांना नातेवाईक समजतो.

मी सेवाग्रामला शिकले आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीत येऊन बसले तेव्हा मलाही हे कळत नव्हतं. माझ्या बाकड्यावर मराठी, तेलुगू आणि माडिया अशा तिन्ही भाषा एकमेकींना खेटून बसतात. एटापल्ली, भामरागडकडून येणारे अर्धा दिवस प्रवासात घालवून येतात. म्हातारे यायचे, लेकुरवाळ्या यायच्या, तापाची पोरं यायची. पंधरा ते पंचविसातलं मात्र कुणी स्वतःसाठी येत नसे. मी पाटी लावली, शिबिर घेतलं. शिबिराला पोरं आली, वजन-उंची मोजून घेतली, हसत हसत घरी गेली. कुणी एक प्रश्न विचारला नाही. पुढे कळलं की ज्यांना खरंच काही विचारायचं असतं, ती प्राणहितेपलीकडे तेलंगणात जातात. तिकडे ओळखीचं कुणी भेटत नाही, हीच त्यांच्यासाठी मोठी सोय.

एका चुकीने मला जागं केलं. अकरावीतली मुलगी आईबरोबर आली होती. माझ्याकडच्या मदतनिसाने केसपेपर काढताना सगळ्यांना विचारतो तसं मोठ्याने तिलाही विचारलं, "काय होते?" बाकडं भरलेलं, त्यात तिच्या गावचेच दोघे. ती म्हणाली, "डोस्कं दुखते." मी गर्दीत डोकेदुखीची गोळी लिहून दिली. दीड-दोन महिन्यांनी तिला रात्री आणलं तेव्हा अंगात सणकून ताप होता आणि ओटीपोटाला हात लावू देत नव्हती. अंगावरून पांढरं जाणं सहा महिन्यांपासून होतं, असं तिने तेव्हा सांगितलं. पुढे पाठवलं, ती बरी झाली. पण पहिल्या दिवशी ती जे सांगायला आली होती ते बोलायला तिला माझ्या दवाखान्यात जागाच नव्हती. दोष मदतनिसाचा नव्हता, ती पद्धत मीच घालून दिलेली होती.

याच जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रिया आणि मुली तपासल्या होत्या. १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या अवघ्या ८. हे आकडे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्या रात्रीनंतर त्यांचा अर्थ लागला. याच दांपत्याने शोधग्रामचा दवाखाना आदिवासींना विचारून झोपड्यांसारखा बांधला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. मग सोळा वर्षांच्या मुलीला दवाखाना कसा हवा, हे मी कुणाला विचारलं होतं?

विचारलं. हळूहळू, एकेकीला. उत्तरं साधी होती. नाव पुकारू नका. बाकड्यावर बसलं की रस्त्यावरून दिसतं. आईसमोर नाही सांगता येत.

बाकडं फिरवून भिंतीकडे तोंड केलं. केसपेपरच्या खिडकीवर आता फक्त नाव आणि वय लिहितात, बाकी मी आत विचारते. कॉलेज सुटल्यानंतरचे दोन तास मोकळे ठेवले. आईला म्हणते, "आई, तुम्ही जरा सिस्टरकडून बीपी मोजून घ्या." आईचं बीपी खरंच मोजलं जातं, आणि तेवढ्यात मुलगी माझ्यासमोर एकटी असते. पहिली तक्रार बहुधा खरी नसते. कमजोरी, डोस्कं, भूक नाही. ती मी मनापासून तपासते, घाई करत नाही, आणि शेवटी विचारते, "आणखी?" मग गप्प बसते. आमच्या धंद्यात गप्प बसणं शिकायला मला फार वर्षं लागली. माडियातून बोलणारी सिस्टर मिळाली तेव्हा कुरमाघरातल्या, म्हणजे पाळीच्या झोपडीतल्या, दिवसांबद्दलही पोरी बोलू लागल्या.

एक गोष्ट मी करत नाही. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन सरसकट देत नाही. मुलगी १८ वर्षांखालची असेल आणि दिवस गेले असतील तर पोक्सो कायद्याने मला कळवावं लागतं. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीची ओळख, तिने आणि पालकांनी विनंती केली तर, डॉक्टरला कळवताना उघड करावी लागणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. हे मी आधीच, सोप्या शब्दांत सांगते. ऐकून एखादी उठून जाईल अशी भीती वाटायची, पण खरं सांगितलं की पोरी बसतात.

माडियांच्या गावात गोटूल असतं. दिवसभराची कामं आटोपली की पोरं-पोरी तिथे जमतात, गातात, नाचतात. तरुणांना त्यांची म्हणून एक जागा लागते, हे या जंगलातल्या माणसांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दवाखान्यांना ते उशिरा सुचलं. सरकारने १० ते १९ वयासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला तो २०१४ मध्ये.

तो मुलगा अजून येतो. खर्रा सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला. आता मित्रांनाही आत घेऊन येतो.

तालुक्याच्या गावात दवाखाना थाटून बसलेल्या माझ्या डॉक्टर भावा-बहिणींनो, आज कुणाला तरी सोडायला आलेलं एक पोर बाहेर गाडीवर बसलेलं असेल. त्याला आत बोलवा, नाव विचारा, आणि तोंड उघडायला सांगा. तीन बोटं मावायला हवीत.