आमच्या आजीची वाकळ

पुस्तकात गोधडी लिहितात, पण आपल्याकडे तिला वाकळ म्हणतात. नवरात्राआधी नदीवर धुवायला नेतात तीच.

उन्हाळ्यात सुगी संपली की आजी वाकळ शिवायला घेते. अंगणात जुनं लुगडं अंथरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर फाटक्या धोतरांचे, चिंध्यांचे थर लावायचे. वर पुन्हा लुगडं. मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी मध्यापर्यंत यायचं. शेजारच्या काकू मदतीला बसतात. गप्पा रंगल्या की टाके लांब पडतात! सुईत दोरा ओवायचं काम माझं, कारण आजीला आता नेढं दिसत नाही.

पण आता जुनं सुती कापडच मिळत नाही. इचलकरंजी आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. आजीची लुगडी तिथलीच. आई मात्र पॉलिस्टरची साडी नेसते. ती सुईखाली सरकते आणि घामही टिपत नाही. आजी म्हणते, "ही वाकळ न्हाई, घसरगुंडी हाय."

शहरात हल्ली वाकळ पलंगावर घालतात, तिच्या पिशव्या आणि जाकिटंही करतात. मागच्या महिन्यात बचत गटाच्या मावशी काम घेऊन आल्या. कापड गिऱ्हाईकच देणार होतं, पण कोरं करकरीत. आजी चिडली. "नवं कापड फाडून वाकळ? मग दुकानातली चादर काय वाईट हाय?" आई म्हणाली, "आत्या, चार पैसे घरात येतील की." मला दोघींचंही पटलं. आईने काम घेतलं. आजी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आईचे टाके बघून म्हणाली, "आधी कोपरा धर गं," आणि स्वतःच सुई घेऊन बसली.

बाईंनी वर्गात सांगितलं, की बंगालमध्ये जुन्या साड्यांचा कांथा शिवतात आणि जपानात जुन्या कापडाच्या पट्ट्या मागावर विणतात, त्याला साकीओरी म्हणतात. मी घरी सांगितलं तर आजी म्हणाली, "तिकडं बी गरिबी हाय व्हय?"

आजीच्या पेटीत आता चारच सुती लुगडी उरली आहेत. त्यातलं हिरव्या काठाचं जुनं झालं की माझ्या वाकळीला लावायचं, असं तिने सांगून ठेवलं आहे. अजून बाजारच्या दिवशी ती तेच नेसते.

(इयत्ता ७ वी)