तीळ, सरकी, ढेप

बऱ्हाणपूरच्या तापीकाठी आता केळी आहे. पूर्वी कपाशीच्या शेतात तिळाचे तास असत. जवस आणि करडई रब्बीत येत. बांधावर एरंड असे. एरंडेल दिव्यात जळे.

तेल्याचा घाणा घराच्या पडवीत असे. खोडाचे उखळ, त्यात उभी लाट, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. एका वेळी दहा-बारा किलो तीळ. वरून थोडे पाणी. दीड-दोन तासांचे फेरे.

घाण्याच्या ढेपेत दहाव्या हिश्श्याएवढे तेल उरे. तिळाची ताजी ढेप मुले गुळाशी खात.

एक्सपेलर आला. लोखंडी स्क्रू बी दाबतो, घर्षणाने ते तापते. ढेपेत सहा-सात टक्के तेल उरू लागले.

मग सॉल्व्हंट प्लांट आले. तिथे हेक्झेन हा द्रावक ढेपेतून फिरवतात. तेल त्यात विरघळते. हेक्झेन सुमारे 69 अंशांना उकळते, तेल मागे राहते. ढेपेत एक टक्काही तेल उरत नाही. ती पशुखाद्यात जाते.

सरकीचे कच्चे तेल काळपट तांबडे असते. रिफायनरीत ते पिवळसर होते. निर्वात टाकीत वाफ सोडून वास काढतात. डब्यातले तेल कशाचे, हे नाकाला कळत नाही.

जिनातून आलेल्या सरकीतली थोडी पेरणीसाठी घरी ठेवत. थोडी भिजवून म्हशीला घालत. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. आता पेरणीचे बियाणे दरवर्षी पाकिटातून येते.

सातपुड्यातल्या कोरकू घरांत मोहाच्या बियांचे तेल काढत. दोन लाकडांच्या दाबाखाली ते पिळून निघे. स्वयंपाकाला तेच, अंगाला तेच. आता आठवडी बाजारात पाउच मिळतो.

तेल नेण्याचे बुधले चामड्याचे होते. मग पत्र्याचे डबे आले. रिकाम्या डब्यात धान्य राही, पाणी तापे. पाउच रिकामा झाला की फेकतात. 1956 च्या कायद्याने दशमान मापे आणली. तेल मोजण्याचा पावशेर गेला.

वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ 1934 मध्ये स्थापन झाला. झवेरभाई पटेलांनी तिथे घाणा सुधारला. कमी कष्टात जास्त तेल निघू लागले. बैल तोच होता.

लाकडी घाण्याचे तेल पुन्हा विकले जाते. ते महाग असते. लाट लाकडाची आहे. ती विजेच्या मोटरवर फिरते.

1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आज बाहेरून येते. त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा आहे.