आधी झाकण बघा!

ग्रिल घ्यायला निघाला असाल तर पाय बघू नका, पिशवी बघू नका, चकाकी तर मुळीच बघू नका. आधी झाकण बघा! झाकण, आणि त्या झाकणावरची ती फिरती चकती. भेटेल त्याला मी हल्ली हेच सांगत सुटले आहे, आणि आता लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

झालं असं, की आम्ही सगळी भावंडं गाडी काढून कोकणात गेलो होतो. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो. होड्यांतून टोपल्या उतरत असतात आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. तिथून ताजे फडफडीत बांगडे घेतले. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या मागच्या अंगणात, माडांखाली, मामेभावाने गाडीच्या डिकीतून एक काळाभोर गोल डबा बाहेर काढला. तीन आखूड पाय, वर फुगीर झाकण, झाकणाला मूठ. बस्, एवढंच! कोळशावर भाजायचं म्हणजे एकाने पुठ्ठ्याने वारा घालायचा आणि दुसऱ्याने डोळे पुसत मासे उलटायचे, हेच मी लहानपणापासून पाहत आले. दादाने फुललेले निखारे एका बाजूला सारले, दुसऱ्या बाजूला जाळीवर बांगडे मांडले आणि सरळ झाकण ठेवून दिलं.

“अरे दादा, विझेल ना ते!”

“नाही विझत गं. वरची चकती उघडी आहे. तू बघ नुसतं.”

मी बघत राहिले. चकतीच्या भोकांतून निळसर धुराची एक बारीक रेघ वर जात होती, डोळ्यांना झोंबणारं काहीच नाही. आम्ही कांदा चिरला, लिंबं कापली, कुणी सोलकढी ढवळली. दहा-बारा मिनिटांनी दादाने झाकण उचललं आणि आहाहा! कातडी खरपूस, ठिकठिकाणी फुगलेली, मसाला जागच्या जागी, आणि आतलं मांस काट्यापासून अलगद सुटणारं, रसरशीत. मासे एकदाही उलटलेले नव्हते. कुणी वारा घातला नव्हता. इतके एकसारखे शिजलेले बांगडे मी तव्यावरसुद्धा पाहिले नव्हते!

जेवण झाल्यावर त्याने वरची चकती फिरवून भोकं बंद केली, तळाची भोकंही बंद केली आणि आम्ही झोपायला गेलो. सकाळी उघडून पाहिलं तर कोळसे काळे, कोरडे, अर्ध्याहून जास्त शिल्लक. राख झटकली आणि दुपारी तेच कोळसे पुन्हा पेटवले! मला तर हे बांगड्यांपेक्षाही मोठं नवल वाटलं. उघड्या शेगडीत उरलेले निखारे राख होईपर्यंत जळत बसतात किंवा पाणी मारून भिजवावे लागतात. इथे नुसती हवा बंद केली आणि उरलेला कोळसा वाचला.

हवा! सगळं गुपित तिथे आहे. कोळशाला लाकडासारखी मोठी ज्वाळा नसते, कारण लाकडातलं पाणी आणि जळाऊ वायू भट्टीतच निघून गेलेले असतात. मागे उरतो तो बहुतेक कार्बन. तो पृष्ठभागावर धगधगतो, आणि किती धगधगायचं हे ठरतं त्याच्यापर्यंत किती प्राणवायू पोचतो त्यावर. खालची भोकं हवा आत घेतात, वरची चकती गरम हवा बाहेर सोडते, आणि ती बाहेर गेली की तिच्या जागी खालून नवी ओढली जाते. भोकं उघडी तितकी धग जास्त, भोकं अर्धी तितकी धग कमी. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या बटणासारखं हे बटण आहे, फक्त इथे वायूऐवजी वारा फिरवायचा. शिवाय झाकणाखाली गरम हवा सगळीकडून खेळते, त्यामुळे मासा खालून भाजतो आणि वरून शिजतो. आणि चरबी निखाऱ्यावर पडून जो भडका उडतो, ज्याने कोंबडीचा तुकडा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा राहतो, तो भडका झाकणाखाली उडतच नाही. त्याला पुरेशी हवाच मिळत नाही!

आणि ही कल्पना सुचली कुठे, तर शिकागोत, धातूच्या एका कारखान्यात. १९५२ साली वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करत. कारखान्यात पाण्यावर तरंगणारे मोठे बोये बनत. उघड्या ग्रिलवर वारा आणि राख यांनी हैराण झालेल्या स्टीफननी धातूचा तसला गोलच आडवा कापला. खालचा अर्धा झाला निखाऱ्यांची कढई, वरचा अर्धा झाला झाकण. आज जगभर दिसणारे गोल ग्रिल याच वंशातले. दादाकडचाही तोच घाट, फक्त धाकटा: जाळीचा व्यास सुमारे ३७ सेंटिमीटर, म्हणजे चौदा-साडेचौदा इंच. चार-पाच बांगडे आरामात मावतात, वजन पाच किलोच्या आसपास, आणि डिकीच्या कोपऱ्यात निमूट बसतो.

मग मी झपाटल्यासारखी दुकानं पालथी घातली. बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो घडीचा, लॅपटॉपच्या बॅगेसारखा मिटणारा पातळ पत्र्याचा ग्रिल. हलका आहे, स्वस्त आहे, पाठपिशवीत जातो. कणसं, पनीरचे तुकडे, सळीवरची सिमला मिरची याला पुरे. पण त्याची भोकं कायमची उघडी, पत्रा तापला की वाकतो, आणि वारा सुटला की निखाऱ्यांचा ताबा आपल्याकडे राहत नाही. समुद्रावर किंवा धरणाच्या काठावर वारा सुटतोच! म्हणून माझं मत ठाम आहे: घडीचा घ्यायचाच असेल तर पत्रा जाड बघा आणि तळाला राख झेलणारा ट्रे आहे का ते आधी पाहा.

बिडाचा ग्रिल हातात घेतला तेव्हा मात्र मन भरून आलं. आजीच्या बिडाच्या तव्याची माया ज्यांना आहे त्यांना हे लगेच कळेल. एकदा तापला की धग धरून ठेवतो, खाली हवेचं छोटं दार असतं, जाळी वरखाली करता येते. तेल लावून, मुरवून ठेवला तर पिढ्यान् पिढ्या टिकेल. वजन मात्र दहा-बारा किलोंच्या पुढे, त्यामुळे गाडी थेट मुक्कामापर्यंत जाणार असेल तरच.

आणि मग भेटली जपानी शेगडी, शिचिरिन! झाकण नाही, तरी मी तिच्या प्रेमात पडले, कारण तिच्या पोटाला एक सरकतं दार आहे आणि सगळा कारभार त्या दारातून चालतो. ती बनते डायटम मातीपासून. डायटम म्हणजे पाण्यातली अतिसूक्ष्म शेवाळं. लाखो वर्षांपूर्वी तळाशी साचलेल्या त्यांच्या सिलिकाच्या कवचांची ही माती. जपानच्या नोतो द्वीपकल्पात, सुझु गावाच्या परिसरात, या मातीचे ठोकळे जमिनीतून कापून काढतात आणि अख्ख्या ठोकळ्याला कोरून शेगडी घडवतात. सच्छिद्र असल्यामुळे धग बाहेर झिरपत नाही, आतच राहते, आणि मूठभर कोळशात जेवण होतं. फक्त तिला पाणी सोसत नाही. भिजली आणि तशीच तापवली तर तडकते. आपल्या पावसात ती न्यायची नाही, हिवाळ्यात खुशाल न्या.

गॅसवर चालणाऱ्या ग्रिलबद्दल मला तितका उमाळा नाही, पण एक गोष्ट कळली आणि ती लडाखला गाडी घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला मला सांगायची आहे. छोट्या डब्यांत बहुधा ब्युटेन असतो, आणि ब्युटेन उकळतो साधारण उणे अर्ध्या अंशाला. म्हणजे हवा शून्याखाली गेली की डब्यातला द्रव वायू व्हायलाच तयार नसतो आणि ज्योत मरगळते! प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो, म्हणून थंडीसाठी प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा. हे डबे विमानात चालत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना सामानात. रेल्वेतही गॅस नेणं १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. ग्रिल रिकामा न्यायचा आणि इंधन मुक्कामी पोचल्यावर घ्यायचं, हेच बरं.

इंधनावरून आठवलं, आपल्याकडे कोकणात करवंट्यांचा केवढा साठा! करवंटीचा कोळसा खूप वेळ आणि एकसारखी धग देतो, ठिणग्या कमी उडवतो. पेटवायला वाळलेलं सोडण, कापराची एखादी वडी, आणि खाली भोकं असलेलं पत्र्याचं उभं नळकांडं. त्यात खाली कागद, वर कोळसा. गरम हवा वर चढते, खालून ताजी ओढून घेते, आणि पंधरा-वीस मिनिटांत कोळशांवर राखेची पांढरी साय येते. रॉकेल नको, फुंकर नको. पुन्हा तीच हवा! ती साय आल्याशिवाय काहीही भाजायला ठेवू नका, नाहीतर धुराचा कडवटपणा थेट माशात उतरतो.

दुकानात गेलात की आणखी थोडं तपासा. जाळीच्या सळ्या जाड हव्यात आणि निखारे व जाळी यांच्यात साधारण चार इंच अंतर हवं. चकती एका बोटाने फिरते का, झाकण कडेला नीट बसतं का, ते स्वतः करून बघा. एनॅमलचा मुलामा असेल तर कुठे टवका उडालेला नाही ना, कारण गंज तिथूनच शिरतो. आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची बादली कापून ग्रिल करून देणारे असतात, त्यांच्याकडे वळू नका. जस्त फार तापलं की त्याचा विषारी धूर होतो.

आता जे सांगणार आहे ते मी फार कळकळीने सांगते आहे. कोळशाचा ग्रिल तंबूत कधीही नेऊ नका, थंडीने दात वाजत असले तरी नाही, निखारे विझत आलेले वाटले तरी नाही. धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. गाडीतही नको, बंद खोलीतही नको. राखीव जंगलात, वन खात्याने मुभा दिलेला काळ सोडला, तर विस्तव पेटवायला १९२७ च्या भारतीय वन कायद्यानेच मनाई आहे. मार्च-एप्रिलमध्ये सह्याद्रीच्या सड्यांवर गवत कसं वाळलेलं असतं ते ज्याने पाहिलं आहे, त्याला हे कायद्याने सांगायचीही गरज नाही. किनाऱ्यावर निखारे वाळूत पुरून निघून जाणारे लोक मी पाहिले आहेत आणि माझा जीव कळवळतो. वाळूखाली ते तासन् तास तापलेले राहतात आणि त्यावर पाय पडतो तो खेळणाऱ्या पोराचा. झाकण लावून विझवा, पूर्ण निवू द्या, मग राख डब्यात भरून घरी न्या. यासाठीसुद्धा झाकणच हवं!

माझं ठरलं आहे. झाकणाचा, दोन्हीकडे हवेची चकती असलेला, ३७ सेंटिमीटरचा गोल ग्रिल. दादा म्हणतो, “अगं, माझाच घेऊन जा ना,” पण मला माझा स्वतःचा हवा आहे. थंडीत आम्ही भंडारदऱ्याला जाणार आहोत, जिथे राहणार त्या घराच्या अंगणात पेटवायची परवानगी आधीच विचारून ठेवली आहे. निखाऱ्यांच्या बाजूला अख्खी वांगी आणि सालासकट कांदे, पलीकडच्या गार बाजूला रताळी, झाकण बंद, खालची भोकं अर्धी. भाकऱ्या तिथल्या काकू चुलीवर करून देणार आहेत. पापलेट केळीच्या पानात बांधून घरूनच बर्फात नेईन. त्याला चरबी कमी, म्हणून तेलाचा हात सढळ ठेवायचा आणि चकती जराशीच उघडी!