बुलेटचे कॅम

इंजिनाचा श्वास कॅमच्या हाती. १९५०च्या दशकापासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटच्या जुन्या इंजिनात ते दोन असतात: एक पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी, दुसरा धूर सोडणाऱ्यासाठी. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो.

वडिलांच्या माघारी गाडीचे कॅम झिजले, तेव्हा आमच्या चिरंजीवांनी हट्ट धरला, "रेसिंगचे घालू!" असा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवतो, वरच्या वेगात जोर मिळतो, पण सावकाश चालीतली ओढ जाते. आईला मागे बसवून उमापूरहून गेवराईच्या बाजाराला जाणाऱ्याने हा सौदा का करावा?

मूळ मापाचेच कॅम घेतले. सोबत नवे टॅपेटही, कारण झिजलेला टॅपेट नवा कॅम खातो. किक मारली. आई आतून म्हणाली, "अगदी ह्यांच्याच गाडीचा आवाज!"

चिरंजीवांनी पुन्हा रेसिंगचे नाव काढले नाही.