तीन नावांचे दादा

दहावीत मला 58 टक्के मिळाले. साल 1996. तेवढ्या मार्कांवर सायन्सला प्रवेश मिळत नव्हता आणि आर्ट्सला पाठवायची अब्बांची तयारी नव्हती. "बीए करके क्या करेगी? हाथ में कुछ तो हुनर होना," असं ते म्हणाले. स्वतः शिलाईकाम करणारे. हातात हुनर नसलेल्या माणसाचं कसं होतं, हे त्यांनी बाजारपेठेत रोज पाहिलेलं. मग तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात एमसीव्हीसीला, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला माझं नाव घातलं. विषय ऑफिसचं काम, टायपिंग आणि कॉम्प्युटर.

या वर्गाला बाकीची मुलं 'नापासांची तुकडी' म्हणायची. आम्ही नापास नव्हतो, पण दोन वर्षं ते ऐकून घेतलं.

कॉम्प्युटर सहा होते आणि आम्ही चाळीस जण. खोलीबाहेर चपला काढायच्या, पडदे ओढलेले आणि आत मशिदीसारखी शांतता. एका मशीनवर तिघं-चौघं बसायचो. एकाचे हात कीबोर्डवर, बाकीच्यांचे डोळे पडद्यावर. वर्डस्टारमध्ये फाइल सेव्ह करायला कंट्रोल, के, एस. ते विसरलं आणि लाइट गेली की सगळं गेलं. आणि मराठवाड्यात लाइट जायचीच.

खरा सराव झाला तो टाइपरायटरवर. मराठीचं मशीन मला आधी उलट्या डोक्याचं वाटलं. 'कि' लिहायचं तर वेलांटी आधी मारायची, 'क' नंतर. 'श' लिहायचा तर आधी अर्धा 'श' आणि मग त्याला काना. मी उर्दू माध्यमातून आलेली. दहा वर्षं उजवीकडून डावीकडे लिहिलेलं. मराठी होती ती एका विषयापुरती. पहिल्या महिन्यात रोज वाटायचं, आपण चुकीच्या घरात शिरलोय.

मग एक दिवस सरांनी कार्यालयीन पत्रव्यवहार सुरू केला. फळ्यावर शब्द लिहिले : अर्ज, अर्जदार, दाखला, तारीख, मंजूर, हरकत, नक्कल, वारस, हजर, दफ्तर. मी बघतच राहिले. हे तर सगळे माझेच शब्द! शेजारची मुलगी 'हरकत'चा नेमका अर्थ विचारत होती आणि तो तिला मी सांगत होते. सरांनाही गंमत वाटली. म्हणाले, "अहो, सरकारी कचेरीत तर तुमचीच भाषा बसलीय." शेकडो वर्षं फारसी दरबारची भाषा होती आणि आमच्या भागात निजामाच्या काळात उर्दूतून कारभार चालायचा, हे मी इतिहासात वाचलं होतं. पण ते आपल्या कामी येतं, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मराठी मला परकी वाटली नाही.

त्याच वर्षी घरात एक काम अडलं होतं. अब्बांचे वडील, आमचे दादा, वारले होते. त्यांच्या नावावर दोन एकर कोरडवाहू जमीन. वारसांची नोंद करायला अब्बा तलाठ्याकडे गेले, तर कळलं की दादा एक नाहीत, तीन आहेत. दादांच्या नावाच्या शेवटी 'उद्दीन' आहे. सातबाऱ्यावर ते 'ओद्दीन' झालेलं, रेशनकार्डावर 'ऊदीन', आणि अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर अर्धं नावच गळालेलं. "हे तिन्ही एकच कशावरून?" असा सवाल आला. प्रतिज्ञापत्र करा, म्हणाले.

तहसीलसमोर झाडाखाली टायपिस्ट बसायचे. अब्बा त्यांच्याकडे न जाता कोरा स्टॅम्पपेपर घेऊन घरी आले. "अपनी बेटी टायपिंग सीखती ना?"

त्या दोन दिवसांत मी साध्या कागदावर तो मजकूर अकरा वेळा टाइप केला. स्टॅम्पपेपरवर खाडाखोड चालत नाही. सरांनी कॉलेज सुटल्यावर मशीन वापरू दिलं आणि मजकूरही तपासला. वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून... तीन नावं, मध्ये दोनदा 'उर्फ'. दादांना आयुष्यात कुणी 'उर्फ'ने हाक मारली नसेल. शेवटची ओळ झाली तेव्हा माझी बोटं थरथरत होती. अब्बांनी कागद उजेडात धरला. त्यांना मराठी जेमतेम वाचता यायची, पण त्यांनी एकेक अक्षरावरून बोट फिरवलं. म्हणाले, "नाम गलत लिखे तो आदमीच गलत हो जाता, बेटा." काही महिन्यांनी फेरफार झाला.

ज्या कारकुनाने दादांचं नाव असं लिहिलं, त्याच्यावर माझा फार राग होता. मुसलमानाचं नाव म्हणून मुद्दामच केलं असणार, असं मला वाटायचं.

बारावीला कामावरचं प्रशिक्षण असतं. मला एका सरकारी कचेरीत पाठवलं. आवक-जावक रजिस्टर लिहायचं, फाइली लावायच्या आणि याद्या टाइप करायच्या. एकदा निराधार पेन्शनच्या अर्जदारांची लांबलचक यादी दिली आणि दुपारपर्यंत हवी म्हणाले. मी भराभर बोटं चालवली. साहेबांनी वेगाचं कौतुकही केलं. पंधरा दिवसांनी एक म्हातारी आजी दारात उभी. तिच्या आडनावावरचा अनुस्वार यादीत नव्हता. नाव जुळत नाही म्हणून तिला परत पाठवलं होतं. एसटीने दोनदा येऊन गेली होती ती. यादी कुणी टाइप केली, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी जागच्या जागी दुरुस्ती करून सहीला पाठवलं. आजीने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिचं नाव मुसलमानाचं नव्हतं आणि माझ्या मनात काही वाईट नव्हतं. मला फक्त घाई होती. दादांचं नाव लिहिणाऱ्यालाही कदाचित घाईच असेल. काही ठिकाणी आकस असतो, नाही असं मी म्हणणार नाही. पण घाईने केलेली चूकही माणसाला तेवढ्याच खेपा घालायला लावते.

आज मी उर्दू आणि मराठी शिकवते. दादांच्या काळात नाव कानाने ऐकून लिहायचे, आता यंत्र लिहितं. आधारच्या नोंदणीत इंग्रजीवरून मराठी नाव आपोआप तयार होतं आणि ते तपासून दुरुस्त करायचं काम तिथे बसलेल्या माणसाचं असतं. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय ही चार अक्षरं. आपल्या तोंडी आवाज एकच. मराठीत तो आवाज 'जर'मध्ये आहे, पण त्याला वेगळं अक्षर नाही. म्हणून एकच मुलगी कुठे 'जुबेदा', कुठे 'झुबेदा'. शाळेच्या रजिस्टरात एक, आधारवर दुसरं, आणि मग पोर्टलवर नाव जुळत नाही. हेलपाटे पालकांचे.

म्हणून दरवर्षी जूनमध्ये माझा पहिला तास नावांचा असतो. प्रत्येकाने स्वतःचं, अम्मीचं आणि अब्बांचं नाव उर्दू, मराठी आणि इंग्रजीत लिहून आणायचं. घरातले कागद काढून ताडून बघायचं आणि फरक असेल तिथे लाल खूण करायची. दुरुस्ती दहावीच्या आधी तुलनेने सोपी असते, नंतर राजपत्रापर्यंत जावं लागतं.

लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठी मिनिटाला 30 शब्द किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र मागतात. आमच्या मुला-मुलींनी ते जरूर मिळवावं. व्यवसाय अभ्यासक्रमाला कुणी नापासांची तुकडी म्हटलं तर म्हणू द्यावं. कचेरीच्या त्या खुर्चीवर आपलं माणूस बसायला हवं, असं आपण नेहमी म्हणतो. मलाही वाटतं. पण तिथे बसलेल्याने समोरच्या प्रत्येक माणसाला एवढं तरी विचारावं, "नाव बरोबर आहे ना? एकदा बघून घ्या." मग तो अर्जदार कुणीही असो.